आज्जीचं मशीन किती सालचं? वारशात आलेल्या शिलाई मशीनचं वय शोधताना

मशीन घरी आलं की पहिल्या दिवशी ते पुसायचं नाही. हात शिवशिवतात, हे मला ठाऊक आहे. माझेही शिवशिवले होते.

कोल्हापुरात मंगळवार पेठेतलं आमचं जुनं घर रिकामं केलं तेव्हा आज्जीचं हातमशीन माझ्या वाट्याला आलं. लाकडी बैठक, वर कमानीसारखं वाकवलेलं लाकडी झाकण, बाजूला फिरवायची मूठ. घरात सगळे सांगायचे, ‘आज्जीच्या लग्नातलं आहे.’ आज्जीचं लग्न १९४४ चं. त्याच संध्याकाळी मी फडकं घेतलं, त्यावर सॅनिटायझर ओतलं आणि घासायला लागले. दहा मिनिटांत सोनेरी वेलबुट्टीचा तळहाताएवढा भाग फडक्यावर उतरला होता. ती नक्षी आता परत येणार नाही. नक्षीवरूनसुद्धा मशीनचा काळ ओळखता येतो, हे मला त्यानंतर महिन्याभराने कळलं.

असं होण्याचं कारण सरळ आहे. जुन्या मशीनवर काळ्या रंगावर सोनेरी चित्रं चिकटवून वरून लाखेचा पातळ थर दिलेला असे. आपले सुतार लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच पॉलिश तयार करतात. सॅनिटायझर, स्पिरिट, थिनर यांतलं काहीही लावलं की तोच थर सुटतो आणि जाताना चित्र घेऊन जातो. म्हणून सुरुवातीला कोरडा मऊ ब्रश, आणि फार तर कापसाच्या बोळ्यावर शिलाई मशीनचं तेल. बस्स.

पुसण्याआधी काय करायचं

दिवसाच्या उजेडात मोबाइलवर फोटो काढा. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, वरून. मशीन बैठकीवर बिजागरीने बसवलेलं असेल तर मागे कलंडवून खालूनही काढा, पण एकट्याने कलंडवू नका. ही मशीनं बिडाची असतात आणि बोटं खाली सापडली तर वाईट चेंगरतात. फोटोत जे दिसतं ते नंतर पुसलं गेलं, हरवलं, कुणी दुरुस्तीला नेलं, तरी तुमच्याकडे राहतं.

मग खण. पायमशीनच्या टेबलाला दोन्ही बाजूंना खण असतात, हातमशीनच्या बैठकीत उजवीकडे सरकत्या झाकणाचा छोटा कप्पा असतो. त्यातलं एकूण एक बाहेर काढून वर्तमानपत्रावर मांडा आणि काहीही फेकू नका. गंजलेल्या सुयांचं पाकीट, जुन्या बॉबिना, तेलाची कुपी, खडू, हुक, कसलीशी चिठ्ठी, खणाच्या तळाला अंथरलेला कागद. माझ्या मशीनच्या कप्प्यात तीन लांबट बॉबिना, एक किल्ली, चोळखणाच्या कापडाचे दोन तुकडे आणि चार घड्या घातलेला एक कागद होता. त्या कागदाकडे नंतर येते.

आधी हे ठरवा: आपण कशाचं वय शोधतोय?

जुनं शिलाई मशीन ही एक वस्तू नसते. वरचं मशीन एक, खालचा बिडाचा स्टँड दुसरा, लाकडी फळी तिसरी, आणि मोटार बसवली असेल तर ती चौथी. यांतलं काहीही कधीही बदललेलं असू शकतं. स्टँडच्या जाळीत ओतीव अक्षरांत एका कंपनीचं नाव आणि वर दुसऱ्याच कंपनीचं मशीन, हे मी स्वतः पाहिलंय. हातमशीनची मूठसुद्धा नंतर बसवता येते, पायमशीनचं हातमशीन करता येतं. म्हणून वय काढायचं ते वरच्या मशीनचं. स्टँडवरचं नाव फक्त लिहून ठेवा.

मशीनच्या आडव्या हातावर नाव असतं, तिथून सुरुवात करा. नाव पुसलं गेलं असेल तर उभ्या खांबावर, म्हणजे चाकाच्या बाजूला, एखादा पितळी बिल्ला आहे का पाहा. सिंगरचा बिल्ला लंबगोल असतो आणि त्यावर आडव्या-तिडव्या सुया, शटल (खालचा दोरा नेणारा भाग) आणि त्यांच्यात गुंतलेला दोरा असं चिन्ह असतं. बिल्ला काढून नेलेला असेल तर तिथे रिबिटांची दोन भोकं तरी दिसतील.

सिंगर निघालं तर तुमचं काम सगळ्यात सोपं. का ते सांगते.

नंबर शोधणे

सिंगरच्या बहुतेक मशीनवर अनुक्रमांक पायथ्याच्या पाटावर, उजव्या हाताला, खांबाच्या बुंध्याशी कोरलेला असतो. शिवायला बसल्यावर आपला उजवा हात जिथे टेकतो, जवळपास तिथेच. नव्वद-शंभर वर्षांचं तेल, धूळ आणि कापडाचा भुगा तिथे साचून दगडासारखा झालेला असतो, त्यामुळे पहिल्यांदा काहीच दिसत नाही. मशीनच्या तेलाचे दोन थेंब टाका, रात्रभर राहू द्या, सकाळी जुन्या टूथब्रशने हळू घासा. सुई किंवा पेचकसाने कोरायचं नाही. कोरलं की आकड्यांच्या कडा जातात.

तरीही वाचता येत नसेल तर लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो, तेच करा. पातळ कागद, मऊ पेन्सिल, आडवी घासायची. मोबाइलची बॅटरी समोरून मारण्यापेक्षा अगदी बाजूने, पाटाला समांतर धरून मारा. खोलगट अक्षरांत सावली पडते आणि नंबर उठून दिसतो. मला माझा नंबर असाच दिसला, रात्री खोलीतला दिवा घालवून.

आता दोन चुका सगळ्यांच्या होतात. पहिली चूक म्हणजे भलताच आकडा उचलणं. सरकत्या पट्टीवर, सुईच्या खालच्या प्लेटवर, मशीनच्या पोटात असे अनेक आकडे असतात. ते त्या-त्या सुट्या भागाचे क्रमांक असतात, मशीनचे नव्हेत. दुसरी चूक पेटंटच्या तारखेची. काही मशीनवर ‘पेटंट’ असं लिहून पुढे एक किंवा चार-पाच साल कोरलेली असतात आणि लोक आनंदाने सांगत सुटतात की आमचं मशीन १८८६ चं. ते साल शोधाचा हक्क मिळाल्याचं असतं. मशीन त्याच्या आधीचं नाही एवढंच त्यावरून कळतं. तीच पट्टी पुढे कितीतरी वर्षं बनत राहायची.

नंबर तीनदा वाचा, तिसऱ्यांदा दुसऱ्या कुणाला तरी वाचायला लावा. इंग्रजी एफ आणि पी, व्ही आणि वाय, आकड्यांत ३ आणि ८, १ आणि ७ यांची गल्लत होते. एका अक्षराने कारखाना बदलतो आणि साल वीस वर्षं इकडे-तिकडे सरकतं.

नंबर काय सांगतो

आयझॅक मेरिट सिंगर यांना शिलाई मशीनचं पेटंट मिळालं १८५१ मध्ये. त्यानंतर १८९९ पर्यंतच्या सिंगरच्या मशीनवर नुसते आकडे असायचे, पुढे अक्षर नाही. साधारण १८९० च्या आसपास हा आकडा एक कोटीवर पोचला आणि शतक संपताना दीड कोटीच्या पुढे गेला. तुमच्या मशीनवर नुसता सात किंवा आठ आकडी नंबर असेल, सुरुवातीला एकही अक्षर नसेल आणि अक्षर घासलं गेल्याची खूण नसेल, तर ते एकोणिसाव्या शतकातलं आहे. अशी मशीनं आपल्याकडे कमी सापडतात, म्हणून अक्षर खरंच नाही ना, याची पुन्हा खात्री करा.

१९०० पासून नंबराच्या आधी एक अक्षर आलं. ते संपत आल्यावर, १९२० च्या दशकापासून काही कारखान्यांनी दोन अक्षरं वापरायला सुरुवात केली. अक्षरावरून कारखाना कळतो. सी म्हणजे जर्मनीतलं विटेनबर्गे, टी म्हणजे रशियातलं पोडोल्स्क, जी हे अमेरिकेत न्यू जर्सीतलं एलिझाबेथ. ए आणि त्यापुढे आणखी एक अक्षर अशी जोडी असेल तरी ते एलिझाबेथचंच. जे आणि पुढे दुसरं अक्षर असेल तर कॅनडा.

पण कोल्हापुरात, किंबहुना इंग्रजी अमलातल्या सगळ्या भारतात, जी सिंगर मशीनं दिसतात त्यांतली बहुतेक स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकची. ग्लासगोजवळचा हा कारखाना १८८५ मध्ये पूर्ण झाला. त्याच्या मनोऱ्यावर चारी बाजूंनी प्रचंड घड्याळ होतं, आणि कारखान्यासाठी बांधलेल्या रेल्वे स्टेशनचं नाव आजही ‘सिंगर’ आहे. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर, १९१३ मध्ये, एका वर्षात तेरा लाखांच्या आसपास मशीनं तिथून बाहेर पडली. घड्याळाचा मनोरा १९६३ मध्ये पाडला आणि कारखाना १९८० मध्ये बंद झाला. आपल्या माजघरातलं, तुळईखाली ठेवलेलं मशीन तिथून बोटीने मुंबईला आलं, याचा विचार केला की मला अजूनही त्यावर हात फिरवावासा वाटतो. कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ मध्ये, मिरजेहून. त्यानंतरचं मशीन असेल तर शेवटचा टप्पा त्याने बहुधा त्याच रुळांवरून केला असणार.

क्लाइडबँकची अक्षरं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. एफ असेल तर १९१० ते साधारण १९२१. नुसता वाय असेल तर १९२० चं दशक आणि १९३० च्या दशकाचा पूर्वार्ध. त्यानंतर ई आणि पुढे आणखी एक अक्षर, अशी जोडी सुरू होते: ईए, ईबी, ईसी करत पुढे. ईई, ईएफ म्हणजे साधारण स्वातंत्र्याच्या आसपासची वर्षं. ईजी, ईएच म्हणजे १९५० च्या दशकाची सुरुवात. क्लाइडबँकच्या मशीनला मॉडेलच्या आकड्यापुढे ‘के’ लावतात, कारण त्या जागेचं नाव किलबोवी. म्हणून १५के, २८के, ६६के.

नेमकं साल काढायला इंटरनेटवर सिंगरच्या अनुक्रमांकांचे तक्ते आहेत. जुन्या शिलाई मशीनच्या संग्राहकांची ‘इस्मॅक्स’ नावाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिचा तक्ता मला सगळ्यात उपयोगी पडला. अक्षराची रांग शोधायची, मग आपला आकडा कोणत्या दोन आकड्यांच्या मध्ये बसतो ते पाहायचं. तिथे तारीख असते, मॉडेलही असतं.

इथे थांबून एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण यातच सगळे फसतात. त्या तक्त्यातली तारीख मशीन पूर्ण झाल्याची नाही. कारखान्यात वहीत लिहिलं जायचं की अमुक मॉडेलसाठी इतक्या हजार नंबरांचा गठ्ठा आज दिला. गठ्ठ्यातलं पहिलं मशीन लवकर होई, शेवटचं कित्येक महिन्यांनी. मग गोदाम, बोट, मुंबईचं बंदर, विक्रेता. दुकानात कितीही दिवस पडून राहू शकतं. त्यामुळे तक्त्यात ‘१२ मार्च’ अशी तारीख दिसली म्हणून मशीनचा वाढदिवस त्या दिवशी साजरा करू नका. साल घ्या, आणि तेही ‘सुमारास’ म्हणून घ्या.

माझ्या मशीनचा नंबर वायने सुरू होतो. तक्त्यात तो आला १९२७ मध्ये.

आज्जीचं लग्न १९४४ चं. म्हणजे मशीन लग्नाच्या सतरा वर्षं आधीचं. मला वाटलं नंबर चुकीचा वाचला. पुन्हा पेन्सिल घासली. वायच होता.

मशीनचं अंग काय सांगतं

नंबरावर शंका आली की मशीनलाच विचारायचं. खाली दोऱ्याची व्यवस्था कशी आहे, हा सगळ्यात भरवशाचा प्रश्न. डावीकडच्या सरकत्या पट्ट्या बाजूला करा. आत होडीसारखं लांबट, एका टोकाला निमुळतं शटल आणि त्यात काडीसारखी बारीक लांब बॉबिन असेल, तर ते २७ किंवा २८ घराण्यातलं. जुने मिस्त्री याला ‘लांब शटलचं’ म्हणतात. गोल बॉबिन केसमध्ये घालून डाव्या बाजूने बसवत असाल, आजच्या साध्या मशीनसारखी, तर ते १५. गोल बॉबिन वरून, पट्टी सरकवून, आडवी टाकायची असेल तर ६६ किंवा त्याचं धाकटं भावंड ९९. ६६ आणि ९९ ही विसाव्या शतकातली मॉडेलं. तुमच्या ९९ वर कुणी १८९० सांगत असेल तर नंबर वाचण्यात चूक आहे, एवढं नक्की.

माझं निघालं २८के. लांब शटल, मागे शिवायची सोय नाही, टाका लहान-मोठा करायला एक छोटा फिरकीचा स्क्रू. तक्त्यातही तेच मॉडेल. दोन्ही जुळल्यावर मग माझी शंका गेली.

मागे शिवायचा खटका असेल तर मशीन बहुधा १९३० च्या इकडचं. दोऱ्याचा ताण ठरवणाऱ्या टेन्शनच्या चकतीवर शून्य ते नऊ आकडे असतील तरी तसंच. पण टेन्शनचा भाग बदलता येतो, तेव्हा एवढ्यावर विसंबू नका. चकाकणारे भाग, म्हणजे चाकाची कड, समोरची पट्टी, हे निकेलऐवजी काळेच असतील, तर महायुद्धाच्या काळाची शक्यता धरा. धातूची टंचाई होती तेव्हा मुलामा वाचवत. बिल्ल्याभोवती निळी कड आणि त्यावर १८५१–१९५१ अशी सालं असतील तर ते शताब्दीचं मशीन. हे बिल्ले १९५१ च्या आगेमागेही लागलेले आहेत, म्हणून नंबर पाहायचाच.

नक्षीबद्दल थोडं. इजिप्तच्या पंखवाल्या सिंहिणीचं चित्र, फुलापानांची वेल, कमळं, लाल-सोनेरी डोळ्यासारखी नक्षी, प्रत्येकीचा स्वतःचा काळ आहे आणि मॉडेलशी नातं आहे. फोटो काढून संग्राहकांच्या चित्रांशी ताडून पाहा. माझ्या मशीनवर ती अर्धीच उरली आहे, त्यामुळे या बाबतीत मी कुणाला फार काही दाखवू शकत नाही.

आणि मोटार, दिवा, पट्ट्याचं चाक यांवरून वय काढू नका. वीज घरात आल्यावर लोकांनी ते बसवून घेतलं.

सिंगर नसेल तर

उषाची मशीनं कोल्हापुरात घरोघरी आहेत. कोलकात्यातल्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने १९३० च्या दशकात ती बनवायला सुरुवात केली, म्हणजे ‘पणजीचं उषा, १९२० चं’ असं होऊ शकत नाही. सिंगरचा तक्ता उषाला लावू नका, दोघांचा काहीही संबंध नाही. लोक लावतात, आणि भलतं साल हाती येतं. उषाचं वय नावाच्या अक्षरांची ठेवण, रंग, पत्त्याची पट्टी आणि कागद यांवरून काढायचं. मेरिट हे नाव दिसलं तर ते सिंगरच्याच घराण्यातलं, संस्थापकांच्या मधल्या नावावरून ठेवलेलं. रीटा आणि तशी इतर अनेक नावं लुधियानाची. तिथे शिलाई मशीनचा मोठा उद्योग आहे आणि सुटे भागही बहुतेक तिथूनच येतात.

परदेशी मशीन असेल तर देशाचं नाव कसं लिहिलंय ते बारकाईने पाहा. ‘पश्चिम जर्मनी’ लिहिलं असेल तर १९४९ ते १९९० च्या मधलं. ‘ऑक्युपाइड जपान’ असे शब्द असतील तर दुसऱ्या महायुद्धानंतर १९५२ पर्यंतचं, कारण त्यानंतर तो अंमल संपला. ही एका ओळीची खूण कित्येकदा नंबरापेक्षा जास्त सांगून जाते.

कागद

आता तो चार घड्यांचा कागद. पावती होती. शाई फिकी, वरच्या दुकानाचं नाव उंदराने खाल्लेलं, पण मधली ओळ स्वच्छ: ‘जुने मशीन नग १’. रक्कम रुपये, आणे, पै अशा तीन रकान्यांत. तारीख नोव्हेंबर १९५३.

जुने मशीन. म्हणजे आमच्या पंजोबांनी ते वापरलेलंच विकत घेतलं होतं.

तुमच्या पावतीवर तारीख नसली तरी कागद बोलतो. आणे-पै असतील तर १ एप्रिल १९५७ च्या आधीचा, किंवा फार तर लगेच नंतरचा, कारण जुन्या छापील पुस्तकांची पानं संपेपर्यंत दुकानदार वापरायचे. ‘नये पैसे’ लिहिलं असेल तर १९५७ ते १९६४. पत्त्यात ‘कोल्हापूर संस्थान’ असे शब्द असतील तर १ मार्च १९४९ च्या विलीनीकरणाआधीचा. ‘मुंबई राज्य’ असेल तर १ मे १९६० च्या आधीचा. आणि कोल्हापूरपुढे ४१६ ने सुरू होणारा पिनकोड असेल, तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. त्याआधी पिनकोड नव्हतेच. पेठेच्या नावावरूनही थोडं कळतं. शाहूपुरी १८९५ मध्ये वसली, तेव्हा शाहूपुरीच्या दुकानाची पावती त्याआधीची कशी असेल?

खणात अंथरलेल्या वर्तमानपत्राला मात्र भुलू नका. ‘पुढारी’चा १९७१ चा तुकडा निघाला म्हणजे १९७१ नंतर कुणीतरी खण स्वच्छ केला. मशीन त्याआधीही घरात असू शकतं, आणि बहुधा असतंच.

माणसं

पावती घेऊन मी थोरल्या आत्यांकडे गेले. त्या राजारामपुरीत असतात, ऐंशीच्या घरात आहेत. मी म्हटलं, “आत्या, हे आज्जीच्या लग्नातलं ना?”

“लग्नातलं कुठलं गं?” त्या म्हणाल्या. “मी शाळंला जात होते की तेव्हा. दिवाळीच्या आधी आलं. आमचे आजोबा हातगाडीवर घालून घेऊन आले आणि आई दारातच रडायला लागली.”

“का रडली?”

“मागितलं होतं तिनं. नऊ वर्षं मागत होती.”

१९४४ मध्ये लग्न, १९५३ मध्ये मशीन. नऊ वर्षं बरोबर. ‘लग्नातलं’ हा शब्द पुढच्या पिढीने जोडला असणार, कारण आज्जीच्या वस्तू म्हणजे लग्नातल्या वस्तू, असं सगळ्या नातवंडांना वाटायचं.

वडीलधाऱ्यांना साल विचारू नका. साल कुणालाच आठवत नाही, आणि विचारलं की बिचारे काहीतरी सांगून मोकळे होतात. प्रसंग विचारा. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मशीन घरात होतं का? तो ११ डिसेंबर १९६७ चा, पहाटेचा, आणि आपल्या भागातल्या त्या पिढीच्या प्रत्येकाला आपण कुठे झोपलो होतो ते आठवतं. बहात्तरच्या दुष्काळात कुणाचे कपडे शिवले? कुणाची मुंज, कुणाचं बारसं, कुणाच्या लग्नातल्या उशा, घरात वीज कधी आली, मशीन आलं तेव्हा पाळण्यात कोण होतं? पाळण्यातल्या माणसाची जन्मतारीख मिळते, आणि मशीनच्या येण्याचं साल हाताला लागतं. बोलताना मोबाइलवर आवाज टिपून घ्या, विचारून. मी आत्यांचं बोलणं टिपलं नाही याची मला खंत आहे. पुढच्या वेळी विचारलं तेव्हा हातगाडी त्यांच्या आठवणीतून गेली होती, टांगा आला होता.

आणखी एक माणूस गाठा: जुनी मशीनं दुरुस्त करणारा मिस्त्री. लक्ष्मीपुरीत, महाद्वार रोडच्या गल्ल्यांत, टेलरच्या दुकानात चौकशी केली की कुणी ना कुणी सांगतं. चाळीस वर्षं ज्यांचे हात या मशीनमध्ये गेले आहेत ते पाच मिनिटांत सांगतात की कुठला भाग मूळचा आणि कुठला नंतर घातलेला. माझ्या मशीनची मूठ मूळची आहे, पण दाबपट्टी लुधियानाची, हे मला आमच्या मिस्त्रीमामांनीच दाखवलं. एखादा स्क्रू हरवला असेल तर हार्डवेअरच्या दुकानातला जबरदस्तीने बसवू नका. सिंगरच्या स्क्रूचे आटे वेगळे असतात, भोकाचे आटे खराब झाले की मशीन कायमचं अधू होतं. जुनं मशीन मोडणाऱ्याकडचा मिळतो का पाहा. नाहीच मिळाला तर शिवाजी उद्यमनगरात लेथवाल्याकडे नमुना नेऊन करून घ्या. बिडाचं आणि आट्याचं काम त्या भागाइतकं कुठे कळणार?

तारखा जुळल्या नाहीत तर

बहुतेक घरांत जुळणारच नाहीत. नंबर एक साल सांगतो, कागद दुसरं, आणि घरातली गोष्ट तिसरं. कारखान्यातलं साल मशीनचं असतं, उंबरा ओलांडल्याचं साल घराचं असतं. मला तर वाटतं, दोन सालांमधल्या फटीतच मशीनचा अर्धा इतिहास असतो. १९२७ ते १९५३ माझं मशीन कुणाकडे होतं? एखाद्या शिंप्याच्या दुकानात? संस्थानातल्या एखाद्या वाड्यात? त्या सव्वीस वर्षांत त्यावर काय काय शिवलं गेलं असेल? मुठीची लाकडी गुंडी एका बाजूने झिजलेली आहे, आणि ती झीज एकट्या आज्जीच्या हाताची नाही, हे मला आता माहीत आहे.

म्हणून नंबराने घरची गोष्ट खोटी ठरली, असं घरात जाहीर करायला जाऊ नका. माझ्या चुलत भावाने तसं केलं आणि काकू दोन दिवस बोलल्या नाहीत. ‘मशीन सत्तावीसचं, घरी आलं त्रेपन्नला’ असं म्हटलं की कुणाचंच काही जात नाही.

आणि वय कळलं की पहिला प्रश्न येतो, किंमत किती? जुनं म्हणजे महाग, हा हिशेब इथे चालत नाही. ज्या कारखान्यातून वर्षाला दहा-दहा लाख मशीनं निघत होती त्यांतलं एक तुमच्याकडे आहे. चालू स्थितीतलं साधं काळं सिंगर फार पैसे देऊन जात नाही. जुन्या सिंगरमध्ये ‘लाल पारा’ असतो, लाखो रुपये मिळतात, असं सांगणारा कुणी आला तर त्याला दारातूनच परत पाठवा. २००९ मध्ये सौदी अरेबियात याच अफवेने लोक जुन्या सिंगरसाठी वाट्टेल तेवढे पैसे मोजायला लागले होते. असा कसलाही पारा मशीनमध्ये नसतो. मशीन फोडून पाहू देऊ नका.

शेवटचं काम: चिठ्ठी

शोधलेलं सगळं तुमच्या डोक्यात राहिलं तर तुमच्यानंतर पुन्हा ‘लग्नातलं आहे’ सुरू होईल. जाड कागदाची एक चिठ्ठी करा. पेन्सिलने लिहा, बॉलपेनची शाई तेलात पसरते. नंबर, मॉडेल, कारखाना, नंबराचं साल, घरी आल्याचं साल, ते कुणी सांगितलं आणि कोणत्या कागदावरून कळलं, मग कुणाकडून कुणाकडे आलं. खात्रीचं आणि अंदाजाचं वेगवेगळं लिहा. पावतीचा फोटो काढून मूळ पावती प्लास्टिकच्या पाकिटात घाला. चिकटपट्टी लावू नका, ती दहा वर्षांत पिवळी पडून अक्षरं खाते. मशीनला तेल घालायचं ते मशीनचंच. घरात हाताशी असतं म्हणून खोबरेल घालतात, ते थंडीत थिजतं, पुढे चिकट होतं आणि चाक अडकतं. पंचगंगेच्या पाण्याचा धोका असलेल्या भागात राहत असाल तर पावसाळ्यात मशीन माळ्यावर हलवा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात किती घरांतली मशीनं चिखलातून काढावी लागली, ते आपण पाहिलंय.

माझ्या चिठ्ठीवर असं आहे:

‘सिंगर २८के, हातमशीन. क्लाइडबँक, स्कॉटलंड. नंबर वायने सुरू, तक्त्याप्रमाणे १९२७ च्या सुमारास. पंजोबांनी नोव्हेंबर १९५३ मध्ये कोल्हापुरात वापरलेले घेतले (पावती सोबत). आज्जीने नऊ वर्षे मागितले होते (थोरल्या आत्यांनी सांगितले). उजवीकडची नक्षी मी सॅनिटायझरने पुसली. आधीचा मालक: शोध चालू.’